पुणे–दुबई साडेतीन तास, मग कळंब–दुबई अकरा तास कसे?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी दुबई, शारजा, अबुधाबीला कामाला आहे, ज्यांचा माल कधी ना कधी आखातात जातो, आणि जे रोज चाकणच्या चौकात ताटकळतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली लिहा.

पुण्याहून परदेशात नवीन विमान सुरू झालं की आपल्या ग्रुपवर लगेच फॉरवर्ड येतात. "पुणे–दुबई फक्त साडेतीन तास", "आता मुंबईला जायची गरज नाही". नेत्यांचे फोटो, अभिनंदनाचे बॅनर, अंगठे. बातमी खोटी नसते, साडेतीन तास हा आकडा बरोबरच आहे. पण तो लोहगावच्या धावपट्टीपासून दुबईच्या धावपट्टीपर्यंतचा आहे. आपल्यातलं कुणी धावपट्टीवर राहत नाही. आपण कळंबला राहतो, एकलहऱ्याला राहतो, मंचर, नारायणगाव, घोडेगावला राहतो. आपला प्रवास आपल्या उंबऱ्यापासून सुरू होतो आणि तिकडं पोराच्या खोलीच्या दारात संपतो. तो हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून आज मांडतोय.

आधी आकाशातला हिशेब

पुणे ते दुबई सरळ हवाई अंतर साधारण २०५० किलोमीटर. मुंबईहून मोजलं तर साधारण १९३०. ऐकायला लांब वाटतं, कारण मध्ये समुद्र आहे आणि पासपोर्ट लागतो. पण पुण्याहून गुवाहाटी मोजा, तेही २००० किलोमीटरच्या आसपासच भरतं. म्हणजे आसाम आपल्याला जेवढं लांब, तेवढीच दुबई. बँकॉक साधारण २९०० आणि सिंगापूर ३८०० किलोमीटर. आशियातल्या या मोठ्या शहरांमध्ये आपल्याला सगळ्यात जवळची दुबईच.

जाताना विमानाला सव्वातीन ते साडेतीन तास लागतात, येताना तीन तासांच्या आसपास. रस्ता तोच असून वेळ वेगळा का? कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जोरात. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. सायकलवर शाळेत गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दुसरा गोंधळ घड्याळाचा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. समजा विमान पुण्याहून रात्री आठला सुटलं आणि साडेतीन तासांनी उतरलं, तर तिकडं दहाच वाजलेले असतात. तिकिटावर बघणाऱ्याला वाटतं, दोनच तास! येताना उलटं होतं. तिकडून रात्री बाराला निघून तीन तासांत आलं तरी इथं साडेचार वाजतात. आई-बाप विचारत बसतात, "जाताना दोन तास आणि येताना साडेचार? विमान फिरवून आणतात का?" फिरवून नाही आणत. दोन्ही वेळा स्थानिक असतात, दीड तास धरून वजाबाकी करायची.

एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्याचा मोठा फटका दिल्लीकडून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसला. आपली वाट अरबी समुद्रावरून थेट ओमानकडे जाते, त्यामुळे पुणे–दुबईच्या वेळेत त्याने फारसा फरक पडत नाही.

आता जमिनीवरचा हिशेब

कळंबहून लोहगाव विमानतळ साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खेड घाट, मंचर, नारायणगाव इथले बायपास झाल्यापासून आपल्या बाजूचा रस्ता खूप सुधारला. पूर्वी घाटात एक ट्रक बंद पडला की तास गेलाच. आता राजगुरुनगरपर्यंत कधी पोचलो कळत नाही. खरी कसोटी पुढं आहे. चाकण, मोशी, आणि तिथून आळंदी-दिघी-विश्रांतवाडी. कंपन्यांची शिफ्ट सुटली, कंटेनर आडवा झाला, की अर्ध्या तासाचं अंतर दीड तासाचं होतं. आषाढीला माउलींचं प्रस्थान असेल किंवा कार्तिकीची गर्दी असेल, तर आळंदीची वाट धरून चालतच नाही.

म्हणून शहाणा माणूस अडीच तास धरून निघतो. आता बेरीज करा:

– घर ते लोहगाव: अडीच तास
– आंतरराष्ट्रीय विमानासाठी आधी पोचणं: तीन तास
– विमान: साडेतीन तास
– तिकडं इमिग्रेशन, बॅगा: एक तास
– तिथून खोलीपर्यंत: एक तास

झाले अकरा तास. त्यातले साडेतीन हवेत आणि साडेसात जमिनीवर.

वेगाच्या भाषेत सांगायचं तर विमान मिनिटाला दहा किलोमीटर जातं. आपली गाडी लोहगाव गाठेपर्यंत मिनिटाला अर्धा किलोमीटरसुद्धा सरासरी देत नाही.

आणि मुंबईहून जायचं असेल तर? कळंब ते मुंबई विमानतळ चाकण-तळेगाव-एक्स्प्रेसवेने जा किंवा माळशेज उतरून जा, पाच-साडेपाच तास धरावे लागतात. शनिवार-रविवारी बोरघाट तुंबला किंवा पावसाळ्यात माळशेजला दरड आली तर विचारूच नका. मुंबईहून दुबई १२० किलोमीटरने जवळ आहे खरी. पण १२० किलोमीटर म्हणजे विमानाची बारा मिनिटं! आकाशात बारा मिनिटं वाचवायला आपण रस्त्यावर तीन तास जास्त घालतो. बेरीज अकरावरून पावणेचौदा तासांवर जाते. उशीर नको म्हणून आदल्या रात्रीच निघणारे आहेत, त्यांचे पंधरा-सोळा धरा.

तरी लोक मुंबईलाच का जातात? कारण मुंबईहून दुबईला दिवसभर विमानं आहेत, पुण्याहून मोजकी. वेळ जुळत नाही, तिकीट कधी महाग पडतं, आणि मोजक्यातलं एक रद्द झालं की दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते. फलाटावर उभं राहून एसटीची वाट बघण्यात गेलेला वेळ हा प्रवासाचाच वेळ असतो, तसंच हे.

पुण्याच्या विमानांचा भरवसा किती, याचंही उदाहरण आहे. पुणे–सिंगापूर थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. जून २०२५ मध्ये कंपनीने फेऱ्या कमी केल्या, तेव्हा देशातल्या ज्या तीन मार्गांवरची सेवा तात्पुरती बंद झाली त्यात हा एक होता. अंतर ३८०० किलोमीटरच राहिलं, पण ज्यांचं तिकीट होतं त्यांच्यासाठी सिंगापूर एका दिवसात लांब गेलं.

डबेवाल्यांचं गणित

मुंबईचे डबेवाले कुठले? आपलेच. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. जगभरातल्या लोकांनी त्यांच्या वेळेचं कौतुक केलं. त्यांनी वेळ कशी मोजली ते बघा. विरार ते चर्चगेट लोकल किती मिनिटांत गेली, हा त्यांचा हिशेब कधीच नव्हता. चुलीवरून निघालेला डबा साहेबाच्या टेबलावर जेवणाच्या सुट्टीआधी पोचला का, एवढाच हिशेब. लोकल वेळेवर आली आणि डबा जिन्यात राहिला, तर माणूस उपाशीच.

आपल्या नियोजनाला हीच गोष्ट समजत नाही. विमानतळाचं उद्घाटन झालं, टर्मिनल झालं, नवीन मार्ग सुरू झाला, की काम संपलं. माणूस दारापासून दारापर्यंत किती वेळात पोचतो हे कुठल्याच कोनशिलेवर नसतं.

हे कशासाठी सांगतोय

कुणी म्हणेल, दुबईला जाणारे असे किती? दोन-चार तास इकडं-तिकडं झाले तर काय बिघडलं?

गावात कुणी गेलं की पहिला प्रश्न काय असतो? "पोरगा कुठंय? कधी पोचतोय?" आणि दुसरा, "माती किती वाजता?" पोरगा दुबईत असला की सगळी भावकी ओट्यावर बसून विमानाचा हिशेब करते. पहाटे इथं फोन झाला की तिकडं मध्यरात्र. त्याने साहेबाला उठवायचं, रजा घ्यायची, पासपोर्ट कंपनीकडे असला तर तो मिळवायचा, मिळेल ते तिकीट काढायचं. हवेत तीन तास. पण तिकीट मिळतं मुंबईचं, आणि मुंबईत उतरल्यावर पुढं पाच तास. इकडं घरात बर्फाच्या लाद्या, पाव्हणे ताटकळलेले, म्हातारी माणसं म्हणतात, "किती थांबायचं? दिवस मावळायच्या आत उरकू." काही जण पोचतात. काही जण घोडनदीच्या काठावर राख गार व्हायला लागल्यावर पोचतात, आणि मग सावडायला तेवढे हजर असतात.

अशा माणसाला "पुणे–दुबई फक्त साडेतीन तास" हे वाक्य वाचून काय वाटत असेल? मुलाला बापाचं तोंड बघायला मिळणं आणि न मिळणं यात अंतर समुद्राचं नसतं. ते चाकणच्या चौकाचं असतं, पुण्याला न मिळालेल्या तिकिटाचं असतं.

तेच मालाचं. आपला पट्टा भाजीपाल्याचा. नारायणगावचा टोमॅटो बाजार, मंचरची बाजार समिती, जुन्नरची द्राक्षं, हे कुणाला सांगायला नको. द्राक्षाला शून्याच्या आसपास थंड ठेवलं तर ते टिकतं, म्हणून ते कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवाहून जहाजाने जाऊ शकतं. पण कोथिंबीर, मेथी, हिरवी मिरची, भेंडी? पालेभाजी तोडल्या घडीपासून मरायला लागते. तिला दुबईचं ताट गाठायचं तर विमानच पाहिजे. पुण्याहून उडतात ती अरुंद बांध्याची विमानं. प्रवाशांच्या बॅगा भरल्यावर त्यांच्या पोटात मालाला जागा ती किती उरणार? म्हणून भाजी ट्रकने मुंबईलाच जाते. शेतात तोडली, उन्हात भरली, रस्त्यावर तापली. पुढं विमान मिनिटाला दहा किलोमीटर गेलं तरी सुकलेली जुडी हिरवी होत नाही. आणि भाव कमी लागला की तो आपल्या पट्टीतून कापला जातो, ट्रॅफिकच्या नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून जुन्नरचा माल कोकणातल्या बंदरांकडे उतरायचा, तिथून समुद्रापार जायचा. घाटात जकातीचा दगडी रांजण आजही उभा आहे. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवन दात्यांचे शिलालेख आहेत, म्हणजे परदेशी माणूस इथं येऊन पैसा खर्च करत होता. त्या काळात बैलाच्या पाठीवर माल टाकणाऱ्यांनाही ठाऊक होतं की बंदराइतकाच बंदरापर्यंतचा घाट महत्त्वाचा. म्हणून त्यांनी घाट बांधला.

विमानतळ कुठं, हा वाद

इथं हमखास कुणीतरी म्हणणार, "खेडला विमानतळ झाला असता तर!" चाकण-खेड परिसरात जागा बघितल्या गेल्या, बरीच वर्षं चर्चा चालली, डोंगराळ जमीन आणि शेतकऱ्यांचा विरोध यामुळे ते मागे पडलं, आणि २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढं आलं. आता तिथल्या सात गावांतले शेतकरी तेच म्हणतायत जे तेव्हा खेडचे म्हणत होते. अंजीर-सीताफळाच्या बागा देऊन विमानतळ घ्यायचा का, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो त्यांनीच ठरवावा. बारा मैलांवर विमानतळ आला असता म्हणून मी माझ्या शेजारच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. उद्या कळंबची जमीन मागितली तर आपण काय करू, हे आधी छातीवर हात ठेवून सांगा.

पण एक लक्षात घ्या. पुरंदर झाला तर आपल्यासाठी अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास जातं, तेही पुणे शहर ओलांडून. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून सुरू झाला. तो आपल्याला दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर पडतो. म्हणजे पुण्याचा पुरंदर आणि मुंबईचा पनवेल यांत वेळेचा फारसा फरक राहणार नाही, रिंगरोड आणि चाकण–तळेगाव रस्ता कसा होतो यावर सगळं ठरेल.

लोहगावचं म्हणाल तर तो मुळात हवाई दलाचा तळ. नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये वापरात आलं, छान आहे. पण धावपट्टी साधारण २५३५ मीटरचीच आहे. मोठं विमान पूर्ण वजन घेऊन लांब पल्ल्याला तिथून उडवणं अवघड, उन्हाळ्यात तर हवा पातळ होते आणि आणखी अवघड. दुबई-बँकॉकला जाणारी लहान विमानं मात्र तिथून आरामात उडतात. म्हणजे आपल्याला सगळ्यात जास्त लागणारा जो मार्ग, त्यासाठी नव्या विमानतळाची वाट बघत बसायची गरज नाही. गरज आहे ती त्याच धावपट्टीपर्यंत वेळेवर पोचायची आणि तिथून दिवसाला जास्त फेऱ्या मिळायची.

रेल्वेचंही एक स्वप्न दाखवलं होतं. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड, २३५ किलोमीटर, आपल्या मंचर-नारायणगाववरून. खोडदच्या जीएमआरटीच्या कामात अडथळा येतो म्हणून तो मार्ग अडला आणि रेल्वेमंत्र्यांनी वेगळ्या मार्गाची भूमिका घेतली. दुर्बीण आपला अभिमान आहे, तिला धक्का लागू नये हेही खरं. पण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपल्याच शिवारात बसून अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले संदेश ऐकतायत, आणि त्याच शिवारातल्या माणसाची "पुण्याला वेळेत पोचवा" ही हाक साठ किलोमीटरवर ऐकू जात नाही, याला काय म्हणायचं?

मग मागायचं काय?

नुसतं रडगाणं गाऊन उपयोग नाही. आपल्या आवाक्यातल्या चार गोष्टी:

१. नारायणगाव आणि राजगुरुनगर आगारातून थेट लोहगाव विमानतळापर्यंत एसटी. दिवसाला चार फेऱ्या पुरेत, पण विमानांच्या वेळा बघून, रात्रीची आणि पहाटेची धरून. आज बॅगा घेऊन शिवाजीनगरला उतरायचं, मग रिक्षा शोधायची. नाहीतर खासगी गाडी करायची आणि महिन्याच्या पगारातला तुकडा तिथंच तोडायचा. या बसला ना जमीन संपादन लागतं ना हजारो कोटी. सगळ्यात आधी हीच मागू.

२. नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० किलोमीटर, ७८२७ कोटी. कुठपर्यंत काम झालं, कधी पूर्ण होणार, हे दर तीन महिन्यांनी लोकप्रतिनिधींनी जाहीर सांगावं. आणि बांधकाम चालू असताना खालच्या रस्त्याचे हाल होणार, त्याची पर्यायी सोय आधी करावी.

३. मंचर किंवा नारायणगावला भाजी तोडल्याबरोबर थंड करायची सोय आणि निर्यातीची तपासणी एकाच ठिकाणी. माल इथूनच थंड निघाला तर रस्त्यातला उशीर त्याला कमी मारतो. रस्ता सुधारेपर्यंत निदान जुडी तरी वाचेल.

४. पुण्याहून आखाताच्या फेऱ्या वाढवा ही मागणी आकडे घेऊन करायची. आपल्या आंबेगाव-जुन्नरमधून किती लोक आखातात आहेत, वर्षाला किती वेळा ये-जा करतात, याची गावनिहाय यादी ग्रामपंचायतींनी केली तर दोन महिन्यांत होते. विमान कंपनीला भावना समजत नाहीत, भरलेल्या सीट समजतात.

काही जण म्हणतील, गरिबाला विमानाचं काय घेणं? अरे बाबा, आखातात जाणारा बहुतेक गरीबच असतो. बागायतदार नाही जात तिकडं उन्हात सळई बांधायला. आणि हाच चाकणचा रस्ता पेशंट घेऊन पिंपरीला निघालेल्या ॲम्ब्युलन्सचा आहे, मार्केटयार्डला निघालेल्या टेम्पोचा आहे, पहिल्या शिफ्टला निघालेल्या पोरापोरींचा आहे. दुबईचं उदाहरण एवढ्यासाठीच घेतलं की तिथं आकडा नागडा दिसतो. समुद्र ओलांडायला साडेतीन तास आणि त्या आधी-नंतर साडेसात.

निवडणुका येतील, जातील. पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून सांगितलं की "आम्ही दुबई साडेतीन तासांवर आणली", तर हात वर करून एवढंच विचारा: "कुठून मोजलं, साहेब? लोहगावपासून, का कळंबच्या स्टँडपासून?"

तुमच्या घरातून विमानतळ गाठायला शेवटच्या वेळी किती तास लागले? गावाचं नाव आणि तास, एवढंच कमेंटमध्ये लिहा. पन्नास-शंभर नोंदी झाल्या की तोच कागद घेऊन एसटीच्या आगारात जाऊ. कोण कोण येणार तेही सांगा.